बारावीनंतरचे प्रश्न : कागद, कॅप आणि पहिले सत्र

बारावीचा निकाल जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो. या वेळी आलेल्या पत्रांतही ‘मुलांना काय शिकवावे’ असे फार थोड्यांनी विचारले आहे. काय शिकायचे ते घरोघर ठरलेले आहे. गाडी अडते ती ते कसे जमवायचे येथे. म्हणून उत्तरेही त्याच अंगाने दिली आहेत. पत्रे संक्षेपाने छापली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे, तिला अभियांत्रिकीला जायचे आहे. आम्ही इतर मागास वर्गात येतो. जातीचा दाखला काढलेला आहे, पडताळणी केलेली नाही. तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. गावात सगळे सांगतात की मुलींचे शिक्षण आता फुकट झाले आहे, निकाल लागल्यावर बघू. हे बरोबर आहे का? (एक शेतकरी पालक, गेवराई तालुका, जि. बीड)

आपल्या गावात सांगतात ते निम्मे खरे आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ होते. मात्र हा प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सगळे ज्याला ‘कॅप’ म्हणतात तिच्यातून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागेला ही सवलत लागू नाही. खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे व अभिमत विद्यापीठेही योजनेच्या बाहेर आहेत, आणि महामार्गालगतच्या मोठाल्या फलकांवर जी नावे झळकतात त्यांत अशा विद्यापीठांची संख्या थोडीथोडकी नाही. शिवाय वसतिगृह, खानावळ, पुस्तके आणि येण्याजाण्याचा खर्च माफ होत नाही. गेवराईची मुलगी छत्रपती संभाजीनगरला राहणार असेल तर घरावर पडणारा खरा भार हाच असतो.

‘निकाल लागल्यावर बघू’ हा सल्ला मात्र अजिबात ऐकू नये. राखीव प्रवर्गातून प्रवेश घेणाऱ्यास जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत, अकरावीत असतानाच करणे सर्वांत सोयीचे असते. बारावीच्या मुलांसाठीही तो मार्ग बंद झालेला नसतो. निकालानंतर सगळा जिल्हा एकाच वेळी समितीच्या दारात उभा राहतो. अर्जाच्या पोचपावतीवर तात्पुरता प्रवेश मिळतो हे खरे, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र सादर झाले नाही तर विद्यार्थ्याला खुल्या प्रवर्गातील समजले जाते, आणि मग हातची जागा व शुल्कमाफी दोन्ही धोक्यात येतात.

पडताळणीत बहुतेकांचे घोडे पेंड खाते ते जुन्या पुराव्यापाशी. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. विमुक्त व भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने आपल्याकडचे पुष्कळसे जुने अभिलेख उर्दूत, क्वचित मोडीत आहेत. ते पाहून घाबरू नये. अधिकृत भाषांतरकाराकडून भाषांतर करून मूळ प्रतीसह जोडावे. आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नसेल तर वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाचाही, म्हणजे चुलत आजोबांचा किंवा मोठ्या चुलत्यांचा, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधावा. भावकीत आधीच कोणाला वैधता मिळालेली असेल तर काम बरेच सोपे होते. ती प्रत आणि वंशावळीचे शपथपत्र जोडावे. भावकीशी बोलणे बंद असल्याने ही प्रत मिळत नाही, असेही बऱ्याच ठिकाणी घडते. मुलीच्या चार वर्षांसाठी एकदा उंबरठा ओलांडून जावे.

नावांतील फरक आताच तपासून पाहा. शाळेच्या उताऱ्यावर ‘बाबू’, सातबाऱ्यावर ‘बाबुराव’ आणि मुलाच्या दाखल्यावर ‘बाबासाहेब’ असा एकच माणूस तीन नावांनी वावरत असेल तर समिती शंका घेणारच. त्यासाठी एकाच व्यक्तीची ही नावे असल्याचे शपथपत्र आधीच करून ठेवावे.

याखेरीज नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचे, प्रमाणपत्र लागेल. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या अखेरच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असले पाहिजे; दोन वर्षांपूर्वी कशासाठी तरी काढलेले कपाटातले प्रमाणपत्र कामी येईलच असे नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आपले सरकार सेवा केंद्रातून काढता येते. मुलीच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही बँकेत जाऊन विचारून घ्यावे, कारण महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरून येणारी रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. पुष्कळदा ती घरातल्या कोणाला आठवतही नसलेल्या जुन्या खात्यात जाऊन पडते.

राहण्याच्या खर्चासाठी प्रथम शासकीय वसतिगृहाचा अर्ज करावा. तेथे जागा मिळाली नाही तर इतर मागास, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम् आणि खुल्या प्रवर्गातील अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अशी तिची भावंडे आहेत. आधार व स्वाधार या योजनांत पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत आणि इतर शहरांसाठी त्याहून कमी रक्कम ठरलेली आहे. रक्कम उशिरा हाती येते, म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांची तजवीज घरून करावीच लागेल, हे गृहीत धरून चालावे.

प्रश्न : मी ग्रामीण भागातील कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे समुपदेशक नाही. मुले तालुक्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रात जाऊन कॅपचे पर्याय भरतात आणि पुढे पस्तावतात. शिक्षक म्हणून आम्ही नेमके काय करावे? (एक शिक्षक, जिंतूर, जि. परभणी)

आपल्या पत्रातले ‘पस्तावतात’ हे क्रियापद अगदी नेमके आहे. सीईटीला, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेला, बरे गुण मिळवूनही निव्वळ पर्यायांचा क्रम चुकल्यामुळे नको त्या महाविद्यालयात जाऊन पडलेली मुले दरवर्षी दिसतात, आणि त्यांना आपले काय चुकले हेही कोणी समजावून सांगितलेले नसते.

जागावाटप कसे होते ते मुलांना आधी समजले पाहिजे. संगणक गुणवत्ता यादीतील क्रमाने एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जात, त्याला मिळू शकणारी पहिली जागा त्याला देतो. म्हणजे अवघड वाटणारे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने खालच्या पर्यायाची संधी तसूभरही कमी होत नाही. केंद्रातला मुलगा ‘तुला हे लागणार नाही, वर टाकू नको’ असे सांगतो तेव्हा तो सरळसरळ चुकीचे सांगत असतो. क्रम आवडीचाच असावा. अंदाजाचा उपयोग यादी कोठपर्यंत खाली न्यायची एवढे ठरवण्यापुरता आहे.

याची दुसरी बाजूही आहे. २०२५-२६ च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा मिळाला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळाला, तर तो आपोआप पक्का होतो आणि विद्यार्थ्याला पुढच्या फेरीत सुधारणा करता येत नाही. तेव्हा वरचे सहा पर्याय ‘मिळाले तर उद्या बॅग भरून जाईन’ अशा तयारीचेच असले पाहिजेत. नियमांत दरवर्षी थोडाफार फरक पडतो, म्हणून सीईटी कक्षाची त्या वर्षाची माहिती पुस्तिका छापून शिक्षक कक्षात ठेवावी.

मागील वर्षाच्या कटऑफ याद्या, म्हणजे कोणती जागा किती गुणांवर थांबली त्या याद्या, वाचायला शिकवणे हे शिक्षकाचे सर्वांत मोलाचे काम ठरेल. त्या यादीतली आद्याक्षरे पाहून मुले बिचकतात. सुरुवातीला ‘जी’ असेल तर ती सर्वसाधारण जागा आणि ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. मधली अक्षरे प्रवर्ग सांगतात. शेवटचे ‘एच’ म्हणजे त्या विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्यांची जागा, ‘ओ’ म्हणजे क्षेत्राबाहेरच्यांची आणि ‘एस’ म्हणजे राज्य पातळीवरची. बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालयांत क्षेत्रातील व बाहेरील जागांचे प्रमाण ७० व ३० असे असते, त्यामुळे एकाच शाखेचे ‘एच’ आणि ‘ओ’ रकान्यांतील गुण पुष्कळ वेगळे दिसतात. आपला रकाना न पाहता भलत्याच रकान्यातले गुण पाहून हिरमुसलेली किंवा हुरळून गेलेली मुले आपणही पाहिली असतील.

क्षेत्र कोणते हे बारावी जेथून उत्तीर्ण झाली त्यावर ठरते. परभणी, हिंगोली, नांदेड व लातूर हे जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात; छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या. बीडचा मुलगा बारावीला लातूरला गेला तर त्याचे क्षेत्र बदलते. आई-वडील लातूरची खोली पाहतात, शिकवणीची फी पाहतात. ही गोष्ट मात्र कोणाच्या गावीही नसते.

८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी शिक्षण शुल्क माफीच्या ज्या ५ टक्के अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांहून जादा, जागा असतात, त्यांचा पर्याय-संकेतांकही स्वतंत्र असतो. तो यादीत वेगळा लिहावा लागतो. खुल्या प्रवर्गातील गरीब मुलांचे यात फार नुकसान होते, कारण हा संकेतांक कोणी सांगितलाच नाही तर तो लिहिला जात नाही.

बाकी व्यवस्था साधी ठेवावी. पर्यायांची यादी मुलाने घरी बसून कागदावर लिहावी, पालकांना वाचून दाखवावी आणि मगच संगणकासमोर बसावे. अर्जातील मोबाइल क्रमांक घरातलाच हवा. केंद्रचालकाचा क्रमांक आणि त्यानेच ठरवलेला पासवर्ड असेल तर फेरीच्या शेवटच्या दिवशी मूल त्याच्या दुकानाच्या बंद शटरसमोर उभे राहते. हे सारे महाविद्यालयाच्याच संगणक कक्षात, शिक्षकांच्या देखरेखीखाली करता आले तर त्याहून चांगले काही नाही.

प्रश्न : पहिल्या फेरीत एका महाविद्यालयात प्रवेश घेतला होता, आता दुसरीकडे जायचे आहे. पहिले महाविद्यालय मूळ टीसी व गुणपत्रिका देत नाही, पूर्ण वर्षाची फी भरा म्हणते. (एक विद्यार्थी, कंधार, जि. नांदेड)

मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट मनाई केली आहे. त्याच अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस वा त्याहून आधी रद्द केल्यास, प्रक्रिया शुल्क वजा जाता, सर्व फी परत करावी लागते. अंतिम तारखेच्या १५ दिवस आधीपासून त्या तारखेपर्यंत ९० टक्के, नंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के आणि त्यापुढे ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के. कॅपमधून झालेले प्रवेश रद्द करण्याची सोय सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असते आणि त्यांची मुदत तेथेच दिलेली असते. तुमचा प्रवेश त्या प्रकारचा असेल तर आधी तेथे तो रद्द करा. तोंडी विनवण्या थांबवून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का मारलेली प्रत हाती असली की पुढची भाषा बहुधा बदलते. न बदलल्यास तीच प्रत घेऊन विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येते.

प्रश्न : मुलाला नीटमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाएवढे गुण मिळाले नाहीत. लातूरला ‘रिपीट’ करू द्यावे का? हे दुसरे वर्ष असेल. (एक पालक, उदगीर, जि. लातूर)

नीट किती वेळा द्यावी यावर बंधन नाही, आणि नेमके हेच घातक आहे; थांबायचे कोठे हे घरालाच ठरवावे लागते. निर्णय ‘आणखी थोडी मेहनत’ या भावनेवर न सोडता गुणांचा हिशेब मांडून घ्यावा. परीक्षा ७२० गुणांची, बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १. मुलाचे गुण प्रश्न न सोडवल्यामुळे गेले की सोडवून चुकल्यामुळे, आणि कोणत्या विषयात गेले, हे त्याने उत्तरसूची समोर ठेवून कागदावर मांडावे. जीवशास्त्रात पाठांतराअभावी गेलेले गुण एका वर्षात भरून निघू शकतात. भौतिकशास्त्र मुळातच कळत नसेल तर त्याच शिकवणीत, त्याच बाकावर आणखी एक वर्ष बसून ते कळेल असे मानायला आधार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नांत गुणांत लक्षणीय वाढ झालेली नसेल, तर माझे मत तिसऱ्या प्रयत्नाच्या विरुद्ध आहे, मग शिकवणीवाले काहीही म्हणोत.

मराठवाड्याच्या जागा बाहेरच्यांना गेल्या, हे आपण पत्रात लिहिले आहे. वैद्यकीय प्रवेशातील ७०-३० हा विभागीय कोटा २०२० मध्ये रद्द झाला, आणि तो रद्द व्हावा ही मागणी मुख्यतः मराठवाड्यातूनच होती, कारण आपल्याकडे तेव्हा महाविद्यालये कमी व गुणवंत मुले अधिक होती. आता तर आठही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. स्पर्धा तीव्र आहे, अन्याय मात्र त्या कोट्याचा उरलेला नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. आपण उदगीरला राहता. पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या गावातच आहे, दुसरे परभणीला आहे. साडेपाच वर्षांच्या या पदवीचे प्रवेश नीटच्याच गुणांवर होतात. ‘जनावरांचा डॉक्टर’ म्हणून नाक मुरडणाऱ्या नातलगांना पशुधन विकास अधिकाऱ्याचे वेतन विचारून पाहायला सांगावे. मुलाला खरोखर नको असेल तर गोष्ट वेगळी. पण ‘लोक काय म्हणतील’ यापायी हा पर्याय अर्जात लिहिलाच गेला नाही, असे होऊ नये.

प्रश्न : पुण्याला संगणक शाखा मिळते आहे, पण खर्च झेपणार नाही. बँक म्हणते शेत गहाण ठेवा. एका ओळखीच्या गृहस्थांनी दोन लाखांत ‘जागा पक्की’ करून देतो असेही सांगितले आहे. (एक पालक, भोकरदन, जि. जालना)

त्या गृहस्थांना प्रथम निरोप द्यावा. कॅपमधील जागा कोणालाही पक्की करून देता येत नाही, आणि व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतल्यास शुल्क सवलत व शिष्यवृत्ती यांवर पाणी सोडावे लागते. दोन लाख त्या गृहस्थांचे, वर चार वर्षांची पूर्ण फी आपली, असा तो व्यवहार आहे.

शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटा भरावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण द्यावे लागत नाही. पालक सहकर्जदार असले की पुरते. तेव्हा एवढ्या रकमेसाठी शेत गहाण ठेवा असे शाखेत कोणी तोंडी सांगितले तर अर्ज सरकारच्या विद्यालक्ष्मी संकेतस्थळावरून करावा, म्हणजे नकार द्यायचा झाल्यास बँकेला कारण नोंदवावे लागते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि महाविद्यालय नॅक किंवा एनबीए मानांकित असेल, तर तोपर्यंतचे व्याज केंद्र सरकार भरते. या व्याज सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला कर्ज घेतानाच द्यावा लागतो.

एवढे सांगून एक शंका मात्र आपल्यापुढे ठेवतो. पुणेच का? नांदेडची श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून आणि संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून अभियंते घडवत आहे. जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून आहे. भोकरदनहून ते सर्वांत जवळ पडेल, अर्थात मुलाला रसायनाची आवड असेल तर. पुण्यातल्या कोणत्याही फलकापेक्षा आपल्या भागातली शासकीय जागा मिळत असेल तर ती आधी पाहावी, असे माझे मत आहे. तेथे न मिळाल्यास पुण्याला जाण्यात काहीच गैर नाही.

प्रश्न : बारावीनंतर लग्न झाले. मुलगा आता शाळेत जातो. मला पदवी घ्यायची आहे, सासरचे ‘कॉलेजला जाऊ नको’ म्हणतात. (एक वाचक भगिनी, भूम तालुका, जि. धाराशिव)

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नेमक्या आपल्यासारख्यांसाठी चालते. प्रवेश ऑनलाइन होतो, पुस्तके मराठीतून मिळतात आणि परीक्षेपुरते व मोजक्या संपर्क सत्रांपुरते अभ्यास केंद्रावर जावे लागते. ही पदवी स्पर्धा परीक्षांना व पुढील शिक्षणाला ग्राह्य धरली जाते. अभ्यास केंद्र निवडताना भूम, बार्शी, धाराशिव यांपैकी जेथे जाणारी बस सकाळी सोयीची आहे ते निवडा. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा आणि आधार कार्ड सासरच्या नावाचे असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

प्रश्न : सेनगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकले, मराठी माध्यम. सीईटीला चांगले गुण मिळाले म्हणून अभियांत्रिकीला आले. पहिल्या सत्रात गणितात आणि आणखी एका विषयात नापास झाले. वर्गात इंग्रजीतून चाललेले कळत नाही, विचारायची लाज वाटते. घरी सांगितले तर परत बोलावतील. (एक विद्यार्थिनी, जि. हिंगोली)

तुमच्या पत्रात ‘मला जमणारच नाही’ असे एक वाक्य आहे. त्याला पुरावा नाही. पुरावा आहे तो एवढाच, की सीईटीची तयारी आणि विद्यापीठाची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीईटीत चार पर्यायांतून उत्तर निवडायचे असते आणि चुकीला उणे गुण नसतात. पर्याय उत्तरात ठेवून पाहणे, दोन पर्याय आधी खोडून टाकणे अशा युक्त्या तेथे चालतात व शिकवणीत त्याच घटवून घेतल्या जातात. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत पायऱ्यांना गुण असतात. दोन वर्षांत तुम्ही एक संपूर्ण उदाहरण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत किती वेळा लिहून काढले, हे आठवून पाहा. तेव्हा गणितापुरते पहिले काम हे, की मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून घेऊन प्रत्येक प्रकरणातील उदाहरणे पायऱ्यांसह हाताने लिहायची. अडते तेथे बहुतेकदा बारावीचे विकलन किंवा संकलन कच्चे निघते. बारावीचे पुस्तक घरून मागवून घ्या, त्यात कमीपणा नाही.

भाषेचे वेगळे. सीईटीतही गणिताची प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत असते आणि ती तुम्ही सोडवली आहे, म्हणजे विषयाच्या संज्ञा तुम्हाला परक्या नाहीत. तुम्ही अडता ते त्यांच्या भोवतीच्या वाक्यात. यासाठी रोज पुस्तकाचे एकच पान घ्या. प्रथम न थांबता वाचा, मग न कळलेल्या जागा पेन्सिलीने खुणवा, आणि शेवटी पुस्तक मिटून त्या पानात काय सांगितले ते चार ओळींत मराठीतच लिहा. या चार ओळी लिहिता आल्या तर विषय कळला आहे आणि फक्त इंग्रजीत मांडणे बाकी आहे. लिहिता आल्या नाहीत तर इंग्रजी सुधारूनही उपयोग नाही, ते प्रकरण पुन्हा शिकावे लागेल. हे दोन आजार वेगळे ओळखता आले म्हणजे निम्मी धास्ती जाते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून अभियांत्रिकी भारतीय भाषांत शिकवण्यास परवानगी दिली आणि त्यानंतर मराठीत आलेली पुस्तके परिषदेच्या ‘ई-कुंभ’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पहिल्या वर्षाच्या विषयांसाठी ती जोडीला ठेवा; परीक्षा मात्र इंग्रजीतून द्यायची आहे, म्हणून केवळ त्यांवर विसंबू नका.

वर्गात हात वर करायची लाज वाटत असेल तर प्रात्यक्षिकाच्या तासाला विचारा. तेथे तुकडी लहान असते, सर टेबलापाशी येतात, आणि जर्नल तपासताना विचारलेला प्रश्न इतरांच्या कानावरही जात नाही. जर्नल दुसऱ्याचे पाहून उतरवण्याची वसतिगृहात सर्रास पद्धत आहे. ती अंतर्गत गुण मिळवून देते आणि तोंडी परीक्षेत तोंडावर पाडते. प्रत्येक तुकडीला एक मार्गदर्शक प्राध्यापक नेमलेले असतात. त्यांना भेटून दोन विषय राहिले आहेत हे स्वतः सांगा. तुमच्यासारख्या मुली दरवर्षी वर्गात असतात हे त्यांना ठाऊक असते. तुमचे नाव मात्र तुम्ही गेल्याशिवाय त्यांना कळत नाही.

घरी सांगायचे की नाही? सांगावे, पण मोघम नको. ‘नापास झाले’ एवढेच ऐकले तर वडील गाडी पकडून येतील. ‘दोन विषय राहिले आहेत, ते पुढच्या परीक्षेत काढता येतात, वर्ष गेलेले नाही आणि मी असा अभ्यास करते आहे’ असे सांगितले तर घरच्यांच्याही जिवाला स्वस्थता लाभते. एटीकेटीचा नियम तुमच्या महाविद्यालयात नेमका काय आहे, म्हणजे किती विषय राहिले तर दुसऱ्या वर्षात जाता येते, हे परीक्षा विभागातून लेखी स्वरूपात पाहून घ्या, कारण पुढील वर्षात जाता आले नाही तर शिष्यवृत्तीचे नूतनीकरणही अडते. रात्री झोप लागत नाही असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ते तसेच चालू राहिले तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. तेथे पैसे पडत नाहीत.

गणिताचा पेपर तुमच्या अंदाजापेक्षा फारच कमी गुणांचा निघाला असेल तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुनर्मूल्यांकन करायचे की नाही ते नंतर ठरेल, पण पायऱ्यांचे गुण कोठे गेले हे स्वतःच्या हस्ताक्षरात पाहायला मिळते. छायाप्रतीची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. राहिलेल्या विषयांचा परीक्षा अर्ज चालू सत्राच्या अर्जापेक्षा वेगळा भरावा लागतो. सूचना फलकावर तो एका ओळीत लागलेला असतो, तेवढा वाचायचा राहू देऊ नका.